चौपन्न कुळांच्या मुलखात

व्हिएतनाम म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. हिरवेगार भातखाचर, त्यात पोटरीपर्यंत उतरलेली एक सडसडीत बाई, तिच्या डोक्यावर पानांची टोकदार टोपी, आणि मागे शेपटी हलवीत उभी असलेली म्हैस. कॅलेंडरवाल्यांनी हे चित्र आपल्या मनात इतके घट्ट बसवले आहे, की त्या देशात आणखी कोणी राहत असेल अशी शंकाही येत नाही. चित्र खोटे नाही बरे का! ती टोपीवाली बाई किन्ह जमातीची, आणि व्हिएतनाममध्ये शंभरांतली पंच्याऐंशी माणसे किन्हच आहेत. राज्य त्यांचे, राजभाषा त्यांची, नद्यांकाठचा सुपीक सखल मुलूख त्यांचा. पण उरलेली पंधरा माणसे?

त्या पंधरांत ५३ जमाती आहेत. २०१९ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या भरली ९ कोटी ६२ लाख. त्यांपैकी १ कोटी ४१ लाख माणसे या ५३ जमातींची. ताय, थाय, मुओंग, मोंग आणि ख्मेर यांची संख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर, तर ओदू नावाची जमात सगळी मिळून ४२८! आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी लग्नाला याहून जास्त पाने उठतात.

भाषांचा पसारा तर विचारूच नका. जगातली पाच मोठी भाषाकुळे या एका चिंचोळ्या देशात शेजार करून राहतात. कोणाची बोली चिनी-तिबेटी वळणाची, कोणाची सयामी वळणाची, कोणाची समुद्रापलीकडच्या मलायी-जावानी भाषांच्या गोतातली. आणि खुद्द किन्हांची व्हिएतनामी ज्या कुळातली आहे त्याच कुळात आपल्या मेळघाटातली कोरकू बोलीही येते, हे मला प्रथम कळले तेव्हा मौज वाटली. म्हणजे अमरावती जिल्ह्यातला एखादा कोरकू म्हातारा आणि हनोईतला फटफटीवरून भरधाव जाणारा कारकून हे भाषेच्या नात्याने, दूरचे का होईना, भाऊबंदच की!

किन्ह लोक आपल्या उत्पत्तीची एक गोष्ट सांगतात. समुद्रातला नागराजा आणि डोंगरातली एक अप्सरा यांचे लग्न झाले. तिला शंभर अंडी झाली, त्यांतून शंभर मुलगे निघाले. पुढे नवराबायकोचे जमेना. पन्नास मुलगे बापाबरोबर समुद्राकडे गेले, पन्नास आईबरोबर डोंगरात. सखल भागातले आणि डोंगरातले भाऊ मुळात एकाच आईचे, असा तिचा अर्थ शाळेत शिकवतात. गोष्ट गोड आहे. मात्र याच भावांना सखल भागातली मंडळी पुष्कळ काळ ‘मोई’ म्हणत, आणि मोई म्हणजे रानटी. हा शब्द आता कोणी उघड उच्चारत नाही. आपल्याकडेही असले शब्द होते आणि आहेत. ते मी इथे लिहून दाखवायला हवेत असे नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे या मुलखात तीन आठवडे हिंडलो. मुंबईहून हनोईला आता थेट विमान जाते. पैशांचा हिशेब तेवढा छातीत धडकी भरवणारा. पहिल्याच रात्री हॉटेलाचे बिल बारा लाख आले, आणि ते रुपयांत चार हजारच होतात हे समजेपर्यंत सौभाग्यवतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

हनोईत सगळे प्रवासी पाहतात ते तळे, ती जुनी पेठ आणि ती कॉफी आम्हीही पाहिली. पण ज्यासाठी एक अख्खा दिवस द्यावा अशी जागा म्हणजे तिथले मानववंश संग्रहालय. हे १९९७ साली उघडले. इमारतीचा आराखडा जुन्या काशाच्या ढोलाच्या आकाराचा, आणि तो काढणारा वास्तुशिल्पी स्वतः ताय जमातीचा. आत भाले, टोपल्या, वाद्ये, पोशाख अशी नेहमीची मांडामांड आहे. खरी गंमत मागच्या आवारात. तिथे निरनिराळ्या जमातींची घरे उभी केली आहेत, आणि तीही त्या त्या गावच्या माणसांना बोलावून, त्यांच्या हातांनी.

बाहनारांचे सभागृह लांबूनच दिसते. त्याचे छप्पर कुऱ्हाडीच्या पात्यासारखे आभाळात १९ मीटर चढलेले. त्याच्या पलीकडे एदे लोकांचे घर : उंचीला बेताचे आणि लांबीला ४२ मीटर! आगगाडीचे दोन डबे एकापुढे एक ठेवावेत तसे. एदे लोकांत घर आईकडून मुलीकडे जाते. मागणी मुलीकडचे घालतात, नवरामुलगा सासरी नांदायला येतो, मुले आईचे कुळ लावतात. घरात एका मुलीचे लग्न झाले की घर आणखी एक खण लांबवायचे. वर चढायला लाकडी शिडी, आणि तिच्या माथ्याशी दोन स्तन व चंद्रकोर कोरलेली. ही घराची मालकीण! सौभाग्यवतींनी ते घर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून पाहिले, आणि खाली उतरून एवढेच म्हणाल्या, “जावयाला दिवाळसण कोण करतं मग इथे?”

थोडे पुढे जाराय लोकांची समाधी आहे. तिच्याभोवती लाकडाचे ओबडधोबड स्त्रीपुरुष उभे आहेत, आणि मृत्यूपाशी जन्माची आठवण ठेवण्याची त्यांची रीत इतकी उघडी आहे की सहकुटुंब आलेले प्रेक्षक तिथे पोचताच झाडांवरचे पक्षी पाहू लागतात.

ओदूंचे घर मात्र या आवारात नाही. हे ४२८ लोक न्घे-आन भागातल्या डोंगरातले. नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण झाले तेव्हा, २००६ साली, त्यांना जुन्या वाड्या सोडून नव्या वसाहतीत यावे लागले. आसपास थाय आणि ख्मू लोकांची वस्ती, त्यामुळे घरात थाय भाषाच चालते. आपली भाषा आठवणारी माणसे थोडी, आणि तीही म्हातारी. त्यांची एक रीत मात्र वाचली आणि मनात राहून गेली. त्यांचे नवे वर्ष पंचांगावर ठरत नाही. वर्षातला पहिला मेघ गडगडला, की वर्षप्रतिपदा! माणसाचे वयही त्याने ऐकलेल्या पहिल्या गडगडाटांवर मोजायचे. अमुक बाई साठ गडगडाटांची झाली, असे म्हणायचे.

आता ही ५४ ची यादी कोणी केली? सरकारने केली, आणि ती १९७९ साली पक्की झाली. त्याआधी विद्वानांची पथके वर्षानुवर्षे गावोगाव हिंडली. भाषा कोणती, चालीरीती कोणत्या, आणि स्वतःला काय म्हणवता, अशा तीन कसोट्या लावल्या. काम सोपे नव्हते. ताय आणि नुंग यांच्या बोली इतक्या जवळच्या की एकमेकांना सहज कळाव्यात, तरी यादीत ते दोन. उलट काव-लान आणि सान-ची या दोघांच्या भाषा वेगळ्या कुळांतल्या, एकाची सयामी वळणाची आणि दुसऱ्याची चिनी. तरी त्यांना ‘सान-चाय’ या एका नावाखाली बसवले आहे. यादीत नाव आले की शाळेतल्या राखीव जागा, सवलती, संग्रहालयात कपाट. नाव नसले की शेजाऱ्याच्या कपाटात दाटीवाटीने उभे राहायचे. असल्या याद्यांशिवाय सरकारांचे चालत नाही, हे मला मान्य आहे. पण यादीत प्रत्येक जमात आपापल्या ओळीत एकटी उभी असते, आणि पुढच्या तीन आठवड्यांत एकटी राहणारी एकही जमात आम्हाला भेटली नाही.

हनोईहून रात्रीच्या गाडीने लाव-काय गाठायचे. आठेक तासांचा प्रवास. सकाळी चीनची सरहद्द समोर. तिथून मोटारीने वळणे घेत घेत दीड हजार मीटर उंचीवरच्या सापा गावात. फ्रेंच साहेबांनी उन्हाळ्यासाठी वसवलेले हे गाव. त्यांचे महाबळेश्वरच म्हणा. समोर फानसिपान हे देशातले सर्वांत उंच शिखर. पूर्वी चढायला दोनतीन दिवस लागत. २०१६ पासून तारेवरच्या पाळण्यात बसून माणसे पंधरावीस मिनिटांत वर जातात आणि शेवया खाऊन खाली येतात. गावात हॉटेलांची अशी गर्दी झाली आहे की डोंगर पाहायचा तर आधी हॉटेलात खोली घ्यावी लागते! हॉटेलांचे मालक बहुतेक सखल भागातले; रस्त्यावर पिशव्या विकणाऱ्या बायका डोंगरातल्या.

या बायका काळ्या मोंगांच्या. मोंगांचे पोटभेद कपड्यांवरून ओळखतात : काळे, पांढरे, फुलांचे. गेल्या दोनतीनशे वर्षांत दक्षिण चीनमधून छळाला कंटाळून डोंगर ओलांडत आलेले हे लोक. चांगली जमीन आधीच ताय आणि झाय मंडळींनी धरलेली, म्हणून हे आणखी वर चढले आणि त्यांनी डोंगरउतारालाच पायऱ्या पाडल्या. आज जगभरची माणसे ज्या भातपायऱ्यांचे फोटो काढायला येतात, त्या अशा नाइलाजाने खोदलेल्या आहेत.

आमची वाटाडी एकोणीस वर्षांची मोंग मुलगी होती. अंगात निळी विजार आणि लाल स्वेटर, पायांत रबरी बूट. घरी मोंग, शाळेत व्हिएतनामी, आणि इंग्रजी ती प्रवाशांच्या मागे हिंडत शिकलेली. ती इतकी सफाईने बोले की आमचेच शब्द अडखळत. वाट निसरडी होती. आमच्याबरोबर तिघी अनोळखी मोंग म्हाताऱ्या चालत होत्या. त्यांतल्या एकीने सौभाग्यवतींचा हात जो धरला तो दोन तास सोडला नाही. तळाशी पोचल्यावर तिने पाठीवरची टोपली उतरवून पिशव्या मांडल्या. आता हात धरून डोंगर उतरवणाऱ्या बाईला ‘नको’ म्हणणार कसे? तीन पिशव्या घेतल्या. त्यांतल्या एकीला खिसाच नव्हता.

पण माझे लक्ष होते म्हाताऱ्यांच्या हातांकडे. चालता चालता त्यांची बोटे सारखी काहीतरी वळत होती. तागाच्या जातीच्या एका झाडाचे तंतू एकाला एक जोडत हातावर गुंडाळणे चालले होते. बोलताना, चढताना, घासाघीस करतानासुद्धा ते काम थांबत नसे. आणि हात कोपरापर्यंत निळे, नीळ मुरलेली.

दुपारी वाटाडी आम्हाला आपल्या घरी घेऊन गेली. जमिनीवरचे लाकडी घर, मध्ये चूल, वर धुरकटलेली मक्याची कणसे. पडवीत निळीचे पिंप. त्याच्या वासाचे वर्णन न केलेलेच बरे. तिची आई मागावर बसली होती. वीतभर रुंदीचा पट्टा. बियाणे पेरण्यापासून घागऱ्यापर्यंत वर्ष जाते. मग मेणाने नक्षी काढायची, निळीत वीसवीसदा बुडवायचे, आणि शेवटी दगडावर घोटून घोटून कापडाला चकाकी आणायची.

“पण बाजारात तर तयार घागरे मिळतात ना?” सौभाग्यवतींनी विचारले.

“मिळतात. चीनमधून येतात. छापलेले, हलके, धुवायला सोपे. आम्ही सगळ्या तेच घालतो,” मुलगी म्हणाली.

“मग आई हे कोणासाठी विणते?”

मुलगी थोडी थांबली. मग म्हणाली, “माझ्यासाठी. मी मेल्यावर.”

आम्ही दोघेही गप्प झालो. ती मात्र अगदी सहज सांगत होती. मोंग माणूस मेला की त्याच्या अंगावर या तंतूंचे कापड हवे. नाहीतर पलीकडे गेल्यावर वाडवडील ओळखणार नाहीत; हा कोण परका आला, म्हणतील. म्हणून प्रत्येक आई मुलीसाठी एक जोड पेटीत घालून ठेवते. “मला विणता येत नाही. शाळा होती, मग हे काम. माझ्या मुलीला कोण देणार, ठाऊक नाही,” असे म्हणून ती हसली आणि आमच्यासाठी चहा ओतू लागली. आईला इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते, तरी विषय कशाचा चालला आहे ते तिला कळले असावे. तिने मागावरचा पट्टा उचलून सौभाग्यवतींच्या हातात दिला आणि अंगठ्याने दाबून पाहायला लावला. खरबरीत, थंड, आणि चिवट.

मोंगांत कुळे आहेत : यांग, वांग, सुंग, ली, थाव अशी. एकाच कुळात लग्न होत नाही. आपला सगोत्राचा नियमच. पण कुळाचा दुसरा अर्थ याहून मोठा. ज्यांची पितरांची पूजा एक, त्यांना एकमेकांच्या घरी मरायची परवानगी असते. परक्या माणसाचा मृत्यू घरात नको. पण चार डोंगर पलीकडून आलेला, कधी न पाहिलेला कुळबंधू तुमच्या चुलीशेजारी खुशाल प्राण सोडू शकतो. आप्त कोणाला म्हणावे याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे ऐकली नाही.

रविवारी बाक-हाचा बाजार. सापाहून शंभरावर किलोमीटर, पण चुकवू नये असा. इथे फुलवाले मोंग. त्यांच्या बायकांचा पोशाख म्हणजे होळी आणि रंगपंचमी एकाच दिवशी. घागरे, पट्टे, रुमाल, सगळ्यांवर कशिदा. आता बराचसा यंत्रावरचा. एका बाजूला म्हशींचा आणि घोड्यांचा बाजार, दुसऱ्या बाजूला मक्याची दारू डब्याडब्यांतून. मधोमध मोठाल्या कढयांत घोड्याच्या मांसाचा आणि आतड्यांचा रस्सा उकळत असतो. पाहुण्याने एक वाटी घ्यावी असा आग्रह होतो. आम्ही शाकाहाराची ढाल पुढे केली. शेजारच्या बाकावरच्या नुंग म्हाताऱ्याला आमची फार कणव आली आणि त्याने आपल्याजवळचा उकडलेला रताळ्याचा तुकडा मोडून आम्हाला दिला.

या बाजारात विक्रेती मोंग असली तर गिऱ्हाईक नुंग असते, घोडा ताय माणसाचा असतो आणि तो विकत घेणारा फू-ला. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण मिरच्या आणि मीठ सगळ्यांना लागते. आता भाव व्हिएतनामीत ठरतो. पूर्वी सरहद्दीवरच्या चिनी बोलीत ठरत असे. त्या दिवशी सौभाग्यवतींनी मुद्दाम नऊवार नाही, पण काठापदराची इरकल नेसली होती. आणि काय सांगू! पाचच मिनिटांत दहाबारा फुलवाल्या बायकांनी त्यांना वेढा घातला. कोणी पदर उलटून मागची बाजू पाहते, कोणी काठ नखाने खरवडून पाहते, कोणी निऱ्या मोजते. शिवण नाही, गुंडी नाही, नुसते लांबच लांब कापड, आणि ते अंगावर राहते कसे? याचे उत्तर खुणांनी देता देता सौभाग्यवतींनी बाजाराच्या मधोमध निऱ्यांचा एक वर्गच घेतला. मग त्यांतल्या एका बाईने आपल्या घागऱ्याचा घेर पसरून दाखवला. त्यावरची नक्षी हातची होती, छापील नव्हे, हे दाखवायला तिने आतले टाके उलटे करून पुढे धरले. बाईला बाईने दाखवायची ही खूण सगळीकडे एकच दिसते.

लाल फेटेवाल्या झाव बायकाही तिथे होत्या. भुवया काढून टाकलेल्या, कपाळ मोकळे आणि त्यावर गुंजेसारखे लालभडक पागोटे. झावांची गंमत अशी, की बायकांचे हात सुईवर आणि पुरुषांचे पोथीवर. त्यांचे पूजाविधी चिनी वळणाच्या अक्षरांत लिहिलेल्या पोथ्यांवरून चालतात. मुलगा वयात आला की त्याची एक मोठी दीक्षा होते, त्याला धार्मिक नाव मिळते. ती झाल्याशिवाय तो कितीही म्हातारा झाला तरी पोरच. आपल्या मुंजीची आठवण न झाली तर नवल.

उत्तरेकडून आम्ही विमानाने मध्य पठारावर, बुओन-मा-थुओटला उतरलो. इथल्या मुक्कामाविषयी फार लिहीत नाही. संग्रहालयात पाहिलेले एदेंचे लांब घर इथे खऱ्या वस्तीत पाहायला मिळेल या आशेने गेलो, आणि मिळालेही; पण शेजारी सिमेंटची घरे आणि सभोवार, नजर पोचेल तिथवर, कॉफी. जगात कॉफी पिकवण्यात व्हिएतनामचा दुसरा क्रमांक, आणि त्यातली बहुतेक या लाल मातीतली. ही जमीन शंभर वर्षांपूर्वी एदे, जाराय, बाहनार, म्नोंग यांचीच होती. १९७५ नंतर सखल भागातून माणसे आणून वसवली गेली, मागून कॉफीच्या भावाने आणखी आली. आज आपल्याच पठारावर हे लोक थोडके झाले आहेत. २००१ आणि २००४ साली जमिनीवरून आणि धर्मावरून ते रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या घंटांच्या वाद्यमेळाला युनेस्कोने २००५ साली मानाचे पान दिले. घंटा वाजवायला जे रान लागे, ज्या पेरणीला आणि ज्या समाधीला त्या वाजत, त्यांचे काय, हे त्या मानपत्रात कसे मावणार? आम्ही एका हॉटेलात तो कार्यक्रम पाहिला. जेवणाच्या वेळी, पाऊण तास.

तिथून डोंगर उतरून समुद्राकाठी आलो, आणि ज्या गावासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता तिथे पोचलो. नकाशावर त्याचे नाव फान-रांग. निन्ह-थुआन प्रांताचे हे मुख्य गाव; २०२५ च्या जुलैत तो प्रांत शेजारच्या खान्ह-होआत विलीन झाला. या गावाचे मूळ नाव सांगितले तर तुम्ही चमकाल : पांडुरंग! आपल्या विठोबाशी त्याचा काही संबंध जोडू नये. शब्द संस्कृत, आणि इथली दैवते मुख्यतः शिवाच्या घरची. पण चंद्रभागेपासून इतक्या दूर, दक्षिण चिनी समुद्राच्या काठी, ऊन रणरणत असताना हे नाव मनात उच्चारले, की मराठी माणसाला क्षणभर कसेसेच होते.

हे चाम लोकांचे गाव. यांचे राज्य चंपा. एके काळी मध्य व्हिएतनामचा सारा किनारा त्यांचा होता. त्यांचे शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत. सालगणना शकाची, तीच जी आपण पंचांगात पाहतो. १४७१ साली त्यांची राजधानी विजया किन्हांनी घेतली, आणि उरलेसुरले पांडुरंग संस्थान १८३२ साली खालसा झाले. मी-सोनचे त्यांचे सर्वांत देखणे देऊळ १९६९ साली अमेरिकन बॉम्बफेकीत कोसळले. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसे अलीकडे तिथल्या डागडुजीला होती. २०२० साली त्यांना मातीखाली अखंड दगडाचे एक शिवलिंग सापडले. आज चाम आहेत पावणेदोन लाखांहून थोडे अधिक. लिपी ब्राह्मीच्या वंशातली, आणि प्राथमिक शाळांत मुले ती अजून गिरवतात. एका चाम शिक्षकांनी मला वार म्हणून दाखवले : आदित, थोम, अंगार, बुत, जीप, सुक, थनचर. अंगार म्हणजे मंगळवार! मी त्यांना आपल्या अंगारकीची माहिती दिली. ती त्यांनी वहीत टिपून घेतली.

चाम लोकांत दोन पंथ. एक अहिएर, हे शिवाचे आणि जुन्या देवराजांचे उपासक, गोमांस खात नाहीत, मृतांचे दहन करतात. दुसरा अवाल, म्हणजे बानी. यांच्यावर इस्लामची छाया, हे डुकराचे मांस खात नाहीत, आणि रमजानचा उपवास सर्वांच्या वतीने त्यांचे पुरोहित करतात. पण भांडण? छे! अहिएर म्हणजे पुरुष आणि अवाल म्हणजे स्त्री, दोघे मिळून एक जोडपे, असा त्यांचा हिशेब. एकाच्या कार्याला दुसऱ्याचा पुरोहित हवाच.

गावाजवळच्या बाऊ-त्रुक वाडीत कुंभारणी मडकी करतात. चाक नाही. मातीचा गोळा ठोकळ्यावर ठेवून बाई स्वतःच त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. चाक फिरण्याऐवजी कुंभारीण फिरते! आम्ही पाहिली ती साठीची होती. एका मडक्यापायी तिने किती प्रदक्षिणा घातल्या ते मोजता मोजता मलाच चक्कर आली.

आम्ही पोचलो तो काते सणाचा आदला दिवस. हा सण चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याचा, अमावास्येच्या आसपासचा. कधी आपल्या सर्वपित्रीच्या सुमारास येतो, कधी दिवाळीच्या. देवांची, जुन्या राजांची आणि पितरांची आठवण करायचा दिवस. फान-रांगच्या टेकडीवर पो-क्लोंग-गराय राजाचे विटांचे देऊळ आहे, तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सांध्यावरचे. दारावर नाचणारा शिव, आत मुखलिंग, शेजारी नंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे देवाला स्नान घालून वस्त्रे चढवायची असतात. पण आदल्या दिवशीची मोठी लगबग हिऊ-दुक नावाच्या खेड्यात. कारण देवीची वस्त्रे चाम लोकांकडे नसतातच!

ती असतात राग्लाय लोकांकडे. राग्लाय ही डोंगरातली निराळी जमात. यादीत तिची ओळ निराळी, माणसे दीड लाखाच्या आत. चंपा मोडली तेव्हा राजघराण्याची आणि देवांची वस्त्रे डोंगरात त्यांच्या हवाली झाली, असे सांगतात. तेव्हापासून दर वर्षी कातेच्या आदल्या दिवशी ते ती खाली घेऊन येतात. चाम म्हणतात, आम्ही थोरली बहीण, राग्लाय धाकटी. आणि दोन्हीकडे घरदार, देवाचे सामानसुमान धाकट्या मुलीकडे जायची रीत.

दुपारी धूळ उडवत एक छोटी मालमोटार आली. तीतून राग्लाय मंडळी उतरली. पायांत सपाता, अंगात साधे सदरे, खांद्यावर पितळी घंटा. मग रांग लागली. पुढे घंटा वाजवणारे, मागे डोक्यावर गाठोडे तोलून धरलेली माणसे. समोरून चाम लोकांचे ढोल आणि ‘सरनाय’ निघाली. नाव ऐकूनच तुम्ही ओळखले असेल. सनईचीच बहीण, सूरही तसाच, ओला. वाटेवर दोन्ही मेळ भेटले. घंटांचा ठेका वेगळा, ढोलाचा वेगळा. थोडा वेळ नुसता गोंधळ झाला, मग कोणीतरी कोणाला सांभाळून घेतले आणि दोन्ही एकदम चालू लागले.

पांढऱ्या वस्त्रांतल्या चाम पुरोहितांनी गाठोडे हातात घेतले नाही. आधी त्यांनी राग्लाय म्हाताऱ्यांना सावलीत चटईवर बसवले, पाणी दिले, विडा दिला. सौभाग्यवतींनी आमच्या शिक्षकमित्रांना हळूच विचारले, “इतकी मोलाची वस्त्रं. तुमच्या गावात आता पक्की घरं आहेत, कपाटं आहेत. तुम्हीच का नाही ठेवून घेत?”

त्यांना हा प्रश्न नीटसा कळलाच नाही. पुन्हा विचारल्यावर ते म्हणाले, “मग त्यांना खाली कोण बोलावणार?” आणि ते घाईने पुढे गेले, कारण जेवणाची पाने मांडायला माणसे कमी पडत होती. पहिली पंगत राग्लायांची होती.